आधी गुडघा, मग सुई

सकाळी सातचा चहा झाला की आमच्याकडे एक क्रम ठरलेला आहे. मी आईंना विचारते, "आज गुडघा काय म्हणतोय?" त्या सांगतात, मी वहीत लिहिते. मग उठून माजघरातल्या भिंतीवरच्या पितळी यंत्राच्या काचेवर टिचकी मारते. सुई जराशी थरथरते, स्थिर होते आणि तिचा आकडा शेजारच्या रकान्यात जातो. हा क्रम मी कधी उलटा होऊ देत नाही. सुई आधी पाहिली, तर ती उतरलेली दिसल्यावर माझ्या आवाजातच "आज जास्त दुखतंय ना?" येतं आणि आईसुद्धा हो म्हणून जातात.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय 79. दोन्ही गुडघे झिजलेले, उजवा जास्त. दुखणं एक ते दहाच्या मापात सांगा म्हटलं तर त्यांना ते पटेना. "दुखणं काय शेरात मोजतात?" म्हणाल्या. मग त्यांच्याच शब्दांत चार पायऱ्या केल्या: बरा आहे, कुरकुरतोय, ठणकतोय, हलू देत नाही. वहीत हेच चार शब्द आहेत, जून 2021 पासून.

भिंतीवरचं यंत्र माझ्या सासऱ्यांचं. ते मर्चंट नेव्हीत होते. निवृत्त होऊन हर्णैजवळच्या आमच्या वाडीत परतले, तेव्हा त्यांनी हा निर्द्रव वायुदाबमापक सोबत आणला. आतमध्ये पन्हळी पत्र्याची एक चपटी डबी असते, तिच्यातली हवा काढून घेतलेली. बाहेरचा दाब वाढला की डबी दबते, कमी झाला की फुगते, आणि ती हालचाल तरफांनी मोठी होऊन सुईपर्यंत पोचते. तबकडीवर इंग्रजीत शब्द कोरलेत: स्टॉर्मी, रेन, चेंज, फेअर, व्हेरी ड्राय. हे शब्द विलायतेच्या हवेसाठी लिहिलेले. आमच्याकडे धो धो पाऊस कोसळत असला तरी सुई 'रेन'पर्यंत जात नाही. चिपळूण बुडालं त्या 22 जुलै 2021 ला मी मुद्दाम पाहिलं होतं, तेव्हाही ती 'चेंज'च्याच आसपास होती. आपल्या पावसाळ्यात दाब मुळातच खाली बसलेला असतो. जानेवारीत 1013-14 मिलिबार, तर जुलैत 1003-04. रोजचा पाऊस त्यात फार खालीवर करत नाही.

सासरे त्या शब्दांकडे बघायचेच नाहीत. त्यांचा नियम दर्यावर्दींचा होता. उष्ण कटिबंधात हवेलाही भरती-ओहोटी असते, रोज दोनदा. सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला, दुपारी चारला उतरलेला, रात्री दहाला पुन्हा चढलेला, पहाटे चारला पुन्हा उतरलेला. फरक तीन-चार मिलिबारचा. ते म्हणायचे, "ही रोजची भरती-ओहोटी वजा कर. त्या महिन्याच्या सरासरीपेक्षा तीन उतरला की सावध व्हायचं. पाच उतरला की वादळ जवळ आलंच समजायचं." मी दापोलीतल्या एका शाळेत भूगोल शिकवते. सातवीला हवेच्या दाबाचा धडा कित्येक वर्षं शिकवला, काठोकाठ पाण्याने भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून तो उलटा करून दाखवला, दर चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ एक किलो वजन आहे म्हणून सांगितलं. पण ही दिवसातून दोनदा येणारी ओहोटी मला सासऱ्यांनीच शिकवली. आता दर वर्षी एका रविवारी मुलांना घरी बोलावते. दहाला सुई बघायची, मग समुद्रावर जायचं, चारला परत येऊन पुन्हा बघायची. आकाश निरभ्र, एक पान हललेलं नाही, आणि तरी सुई खाली आलेली. मुलांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे असतात.

वही सुरू झाली ती निसर्ग वादळामुळे. 3 जून 2020, बुधवार. आदल्या रात्री आई म्हणाल्या, "अगो, आज गुडघा नेहमीसारखा नाही दुखत. आतून कोणीतरी ओढतंय." मी दिवसभर कौलं, पत्रे, पाणी भरून ठेवणं या धावपळीत होते. पटकन बोलून गेले, "टीव्हीवर दोन दिवस तेच चाललंय, म्हणून वाटतंय तुम्हाला. मनाचे खेळ असतात." त्या गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सुई टिचकीगणिक खाली येत होती, पाच कधीच ओलांडून गेली. दुपारी वादळ आमच्या उत्तरेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर चढलं. आमच्या वाडीतल्या पोफळी डोळ्यांदेखत मोडत होत्या, काडी मोडावी तशा. माजघरात आईंजवळ बसले होते. त्यांनी उजवा गुडघा दोन्ही हातांनी गच्च धरला होता आणि त्या नुसत्या त्या आवाजाकडे कान देऊन होत्या. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. कंदिलाच्या उजेडात एके रात्री त्या म्हणाल्या, "तुझं डोकं दुखतं तेव्हा मी कधी म्हटलं का गो, मनाचे खेळ आहेत?"

नव्हतं म्हटलं. कधीच नाही. आणि हेच वाक्य माझ्या अर्धशिशीबद्दल मी एका डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं होतं. "हवेबिवेचं काही नसतं, टेन्शन कमी घ्या." ते ऐकून बाहेर पडले तेव्हाचा घशातला आवंढा मला अजून आठवतो. तोच मी आईंना दिला होता. त्याचं मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

पण नुसतं वाईट वाटून त्यांचं खरं की माझं खरं हे कळणार नव्हतं. त्यांचं त्या रात्रीचं दुखणं खरं होतं याबद्दल आता मला शंका नाही. ते वादळाआधीच्या हवेमुळे होतं की वादळाच्या बातम्यांमुळे, की दिवसभर माझ्यामागे पाण्याच्या कळश्या उचलल्यामुळे, हे मात्र एका रात्रीवरून सांगता येत नाही. आपल्याला जुळलेलं लक्षात राहतं. दुखलं आणि पाऊस आला ते ध्यानात राहतं. दुखलं आणि लख्ख ऊन पडलं तो दिवस विसरला जातो. 1996 मध्ये परदेशातल्या दोन संशोधकांनी 18 संधिवाताच्या रुग्णांच्या 15 महिन्यांच्या नोंदी हवामानाशी ताडून पाहिल्या. संबंध सापडला नाही, आणि माणसाचं मन नसलेल्या जुळण्याही शोधतं असा निष्कर्ष त्यांनी काढला. ते वाचल्यावर ठरवलं, की आपण लिहून ठेवायचं. आधी गुडघा, मग सुई.

पहिल्याच महिन्यात एक गोष्ट मला चक्रावून गेली. हर्णै समुद्राला लागून, दापोली साधारण 250 मीटर उंचीवर. मी रोज एसटीने जाते-येते. मुलाच्या फोनमध्ये दाब मोजायची सोय आहे, तो एक दिवस घेऊन गेले. घरून निघताना 1004, शाळेच्या गेटाशी 977. पाऊण तासात 27 मिलिबार उतरले. निसर्ग वादळाने आमच्या भिंतीवरची सुई एवढी खाली आणली नव्हती. म्हणजे मी रोज सकाळी एसटीत बसून एका वादळाएवढा दाब उतरते आणि संध्याकाळी तेवढाच चढते. घाटात कानात दडा बसतो, आवंढा गिळला की सुटतो, एवढंच. डोकं दुखत नाही. आईंना डोळे तपासायला दापोलीला नेते, तेव्हा त्यांचा गुडघाही काही वेगळं बोलत नाही. वर्गात मी जे सरळ सूत्र सांगत होते, दाब उतरला की शरीरातले ऊतक किंचित फुगतात आणि झिजलेल्या सांध्यातल्या नसांना ते टोचतं, ते एवढं सरळ असतं तर आमची दापोलीची एसटी रोज विव्हळत वर चढली असती.

मग वाचत गेले. जपानात हवेने होणाऱ्या दुखण्याला स्वतंत्र नाव आहे, तेन्की-त्सू. तिथे उंदरांवर प्रयोग झालेत. दाब कमी केला की अंतर्कर्णाकडून, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागाकडून, संदेश घेणाऱ्या मेंदूतल्या पेशी जाग्या होतात असं त्यात दिसलं. ज्यांना गाडी लागते त्यांनाच मळभ लागतं का, असं मला त्यावरून वाटून गेलं. मला लहानपणापासून गाडी लागते, फक्त या रोजच्या रस्त्याची सवय झाली आहे. आणि 2019 मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी मोठी पाहणी प्रसिद्ध केली. 2,600 हून जास्त लोक, 15 महिने, रोज फोनवर दुखण्याची नोंद, आणि हवामान त्यांच्या फोनच्या ठिकाणावरून परस्पर घेतलेलं. त्यात दमट, वाऱ्याचे, कमी दाबाचे दिवस दुखऱ्या लोकांना जास्त जड गेलेले दिसले. सर्वांत मोठा वाटा दमटपणाचा. एकट्या थंडी-उकाड्याचा तसा स्पष्ट संबंध नाही. आणि जड म्हणजे किती, तर सगळ्यात वाईट हवेच्या दिवशी दुखणं वाढण्याची शक्यता एरवीपेक्षा 20 टक्क्यांच्या आसपास जास्त. खरं आहे, पण आपण समजतो तेवढं मोठं नाही.

माझी वही एका घराची, दोन शरीरांची. तिला पाहणी म्हणायचं धाडस मी करणार नाही. पण पहिली दोन वर्षं झाल्यावर दिवाळीच्या सुट्टीत ती घेऊन बसले. पावसाळ्यात आईंचा 'ठणकतोय' सुईपेक्षा वाऱ्याशी जास्त जुळत होता. नैर्ऋत्येचा जोराचा वारा, भिंती ओलसर, मिठाला पाणी सुटलेलं, तेव्हा गुडघा आखडलेला. मिठाची बरणी सुईपेक्षा बरी सांगते, हे आईंना मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ते मला माहीतच होतं."

जे त्यांनाही माहीत नव्हतं ते मे महिन्याच्या पानांवर सापडलं. 'हलू देत नाही' हे शब्द सगळ्यात दाट कुठे, तर मेच्या शेवटच्या दहा दिवसांत. पाऊस यायच्या आधी. आमच्या सगळ्या आळीत हाच अनुभव आहे, पाऊस जवळ आला की बायकांची हाडं बोलायला लागतात, आणि त्यावरून पाऊस कधी येणार ते सांगतातही. दाब त्या दिवसांत उतरत असतो हे खरं. उकाडा, दमटपणा हेही खरं. पण त्याच दहा दिवसांत आमच्याकडे आणखी काय चालू असतं? आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायची, सालं रसात घोळवून पुन्हा पुन्हा उन्हात घालायची, फणसपोळी थापायची, आठळ्या पुरायच्या, मिरच्या वाळवायच्या, लाकडं पडवीत रचायची, आणि ढग दिसला की हे सगळं धावत आत घ्यायचं. आणि यातलं निम्मं काम जमिनीवर, पाटावर बसून. आई रातांबे फोडायला बसल्या की तीन-तीन तास उठायच्या नाहीत. मी वहीत मागे जाऊन 'आज काय काम केलं' हे आठवून, त्यांना विचारून, पेन्सिलने लिहीत गेले. बहुतेक सगळ्या 'हलू देत नाही'च्या आदल्या दिवशी रातांबे होते, नाहीतर फणस.

पाऊस जवळ आला की दुखतं, हे बरोबर. पण पाऊस जवळ आला की आम्ही बायका चार महिन्यांचं काम दहा दिवसांत उरकतो, आणि त्याचं दुखणं ढगांच्या नावावर घालतो. पिढ्यान्पिढ्या घातलं. हे मला एवढं लागलं की त्या रात्री झोप आली नाही. माझ्या आजेसासूबाईंना आईंनी शेवटची काही वर्षं निगडीच्या, म्हणजे निर्गुंडीच्या पाल्याने शेकलं, ती म्हातारी दर मेमध्ये "पावसाची कळ आली" म्हणत वाकून चालायची, असं आई सांगतात. तिला कोणी खुर्ची दिली नव्हती.

पुढच्या मेमध्ये आम्ही पडवीत टेबल आणलं. आई खुर्चीत बसून रातांबे फोडतात, तासाभराने उठून वाडीत एक फेरी मारतात. रस टेबलावरून गळतो, जागा चिकट होते, त्यांना ते आवडत नाही, आणि पाटावर जशी सुरी चालते तशी टेबलावर चालत नाही अशी तक्रार आहे. लाकडं हे आणि मुलगा रचतात. त्या वर्षी मेच्या शेवटी 'हलू देत नाही' दोनदाच आलं. 'कुरकुरतोय' मात्र तेवढंच राहिलं. तो हवेचा वाटा असावा.

माझ्या डोक्याचं गणित वेगळं निघालं. मला वाटायचं, मळभ आलं की अर्धशिशी येते. वहीत जुलैत दोन, ऑगस्टात दोन आणि एका ऑक्टोबरात सात. जुलैत दाब वर्षातला सगळ्यात कमी, पण तो दिवसेंदिवस तसाच असतो, हवा गार, उजेड मऊ. ऑक्टोबरात पाऊस सरलेला, ऊन भाजून काढणारं, जमिनीतून वाफ, रात्री झोप नाही, सहामाहीचे पेपर तपासायचे. दाब त्या दिवसांत चढत असतो. आयुर्वेदात वात ग्रीष्मात साठतो, वर्षा ऋतूत उसळतो आणि पित्त शरदात उसळतं असं ऋतुचर्येत सांगितलं आहे. आईंचा गुडघा पावसाळ्यात आणि माझं डोकं शरदात, हे त्या जुन्या मांडणीत जसं बसतं तसं ते दुसऱ्या कशात मला बसलेलं दिसलं नाही. मी वैद्य नाही, त्याहून जास्त बोलत नाही.

दुखणं यायच्या आदल्या संध्याकाळी मला जांभया येतात. एकामागून एक, झोप आलेली नसताना. मग मान डावीकडे ताठरते, फळ्यावर लिहिताना खडूचा आवाज नकोसा होतो, आणि एसटीत ओल्या छत्रीचा वास नाकात शिरला की पोटात ढवळतं. पूर्वी मी हे सगळं "आज हवाच खराब आहे" म्हणून सोडून द्यायचे. आता जांभया मोजते. तिसऱ्या जांभईला पाणी पिते, जेवण चुकवत नाही, पेपरांचा गठ्ठा बंद करते, गोळी वेळेवर घेते. सातातल्या तीन-चार वेळा तरी पुढचं टळतं.

आणि मन. याला वहीत रकाना नव्हता. तो आईंनी घालायला लावला. म्हातारा पाऊस, म्हणजे पुष्य नक्षत्रातला, संततधार लागला होता. आठ दिवस सूर्य नाही. कपड्यांना कुबट वास, दिवसा दिवे. मी चहा देऊन काही न बोलता वही उघडली तर म्हणाल्या, "गुडघा मागून लिही. तू परवापासून बोलली नाहीस, ते लिही आधी." मला जाणवलंच नव्हतं. करमत नव्हतं, शाळेतून आले की आडवं व्हावंसं वाटायचं, लेकाशी तुटक बोलत होते. यात हवेच्या दाबाचा हात किती हे मला सांगता येणार नाही, पण उजेडाचा आहे याबद्दल खात्री आहे. डोळ्यांत जाणाऱ्या उजेडावर शरीराचं घड्याळ चालतं. भर उन्हात बाहेर लाखभर लक्स उजेड असतो, दाट ढगांखाली तो काही हजारांवर येतो आणि आमच्या माजघरासारख्या कौलारू, खोल घरात दिवा लावूनही शे-दोनशे. आठ दिवस मी माजघर, एसटी, ट्यूबलाइटखालचा वर्ग, पुन्हा माजघर. ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडसुद्धा घरातल्यापेक्षा दसपट असतो. तेव्हापासून पावसाळ्यात सकाळचा चहा आम्ही ओटीवर घेतो, झड आली तरी खुर्च्या मागे सरकवून. शाळेतही पहिला तास व्हरांड्यात घेते. पावसाची सर येण्याआधी, हवा कुंद झाली की वर्ग उसळतो, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. पूर्वी मी ओरडायचे. आता पाच मिनिटं उभं करून मोठ्याने कविता म्हणायला लावते.

आजची नोंद. पुष्य, रात्रभर पाऊस, पहाटे थोडी उघडीप. गुडघा: कुरकुरतोय. मन: बरं. जांभया: नाहीत. सुई: 1002. मी वही मिटत होते तेवढ्यात आईंनी ती हातातून घेतली, चष्मा लावला आणि काल रात्रीचा माझा रकाना वाचून म्हणाल्या, "काल किती वाजता झोपलीस ते नाही लिहिलंस." लिहिलं. साडेबारा.